भांडी बाजारातल्या वाड्याची रिळं: प्रकल्प नोंदी

१ जुलै २०२४

नाशिकच्या भांडी बाजारातल्या वाड्यातून टेपच्या रिळांची ट्रंक आज गंगापूर रोडला स्टुडिओत आणली. वाड्यातले आजोबा पेटीवाले. सत्तर-ऐंशीच्या दशकात त्यांच्या माडीवर बैठका व्हायच्या. गावातले, बाहेरून आलेले गवई गायचे आणि कोपऱ्यात टेपरेकॉर्डर फिरत असायचा. आजोबा गेले. आजी आहेत, आणि नातू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रत्येक डब्यावर शाईच्या पेनाने राग, ताल, तारीख, साथीला कोण हे लिहिलेलं, आणि कोपऱ्यात पट्टी, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरला ते: 'काळी १', 'पांढरी ४'. असं टिपण ठेवणारा माणूस भेटणं हे या कामातलं मोठं भाग्य आहे.

कामं दोन आहेत. रिळांवरचं सगळं डिजिटलमध्ये उतरवायचं, हे पहिलं. आजोबांच्या हाताखाली तयार झालेल्या ताई आजही गातात, त्यांचं एक नवं ध्वनिमुद्रण करायचं, हे दुसरं. पेटी आजोबांचीच. नातवाची अट एकच: "आवाज आजोबांच्या टेपसारखा पाहिजे दादा, डिजिटलसारखा नको." त्याला जे ऐकू येतं ते टेपवर खरोखर आहे. ते कुठून येतं हे शोधायचं, म्हणून दोन्ही कामांची नोंद एकाच वहीत.

३ जुलै

रिळं तपासली. रीळ उजेडासमोर आडवं धरलं की टेपच्या थरांतून उजेड पाझरतो का ते दिसतं. पाझरला तर फीत ॲसिटेटची, नाही तर पॉलिएस्टरची. दोन्ही निघाली. ॲसिटेटला ओढ बसली की ती स्वच्छ तुटते आणि जोडता येते. पॉलिएस्टर तुटण्याआधी ताणली जाते, आणि ताणलेल्या जागेवरचा सूर कायमचा जातो. त्यामुळे जुनी ॲसिटेट दिसली की लोक घाबरतात, मला मात्र ताणलेल्या पॉलिएस्टरची जास्त भीती वाटते. व्हिनेगरसारखा आंबट वास एकाही डब्याला नाही, म्हणजे ॲसिटेट सडायला लागलेली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला तेव्हा ट्रंक तळमजल्यावर होती. पाणी आत शिरलं नाही, ओल मात्र शिरली. काही रिळांच्या कडेला पांढरी बुरशी आहे. ती मशीनवर चढवण्याआधी मास्क लावून, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडातून अगदी सावकाश गुंडाळून काढायची. एकाने टेप ओव्हनमध्ये ठेवायचा सल्ला दिला. तो इलाज वेगळ्या दुखण्याचा. टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेने चिकट झाला, तर ५० अंशांच्या आसपास तासन् तास शेकतात. ॲसिटेट कधीच शेकायची नाही.

९ जुलै

रिळं वाजवायचं मशीन रिव्हॉक्स बी-७७, दोन ट्रॅकचं. टेप दाबून पुढे सरकवणाऱ्या पिंच रोलरचं रबर दगडासारखं झालं होतं. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये नवीन रबर चढवून लेथवर घासून आणलं. टर्नरकाकांना गाण्यातलं काही सांगावं लागलं नाही. "रोलर जरासा लंबगोल झाला तर सूर हलेल ना?" त्यांनीच विचारलं आणि डायल गेज लावून बसले. ३१५० हर्ट्झची चाचणी टेप लावून पाहिली. सूर स्थिर आहे.

१५ जुलै

पहिलं रीळ लावलं. जुनं घरगुती मशीन हाफ-ट्रॅक मोनो होतं, म्हणजे टेपच्या वरच्या अर्ध्या पट्टीवर एक बाजू आणि खालच्या अर्ध्या पट्टीवर दुसरी, उलट दिशेने. माझ्या मशीनचं टेप वाचणारं हेड दोन्ही पट्ट्या एकदम वाचतं. त्यामुळे डावीकडे विलंबित बागेश्री आणि उजवीकडे दुसऱ्या बाजूची द्रुत, उलटी. उलटा तबला ऐकण्यासारखा असतो: आधी घुमारा फुगत येतो आणि शेवटी थाप पडून एकदम शांतता. डिजिटलमध्ये ती बाजू उलटवून एका फेरीत दोन्ही उतरवता आल्या असत्या, वेळ निम्मा झाला असता. पण हेडचा कोन दोन्ही बाजूंना वेगळा लावावा लागतो, म्हणून प्रत्येक बाजू सुलटीच वाजवायची.

हा कोन, म्हणजे अझिमथ, आज जिवाचा कान करून लावला. सुरुवातीला तानपुरा मुका होता. सूर होता, पण त्यावर घोंगडी पांघरल्यासारखा. हेडच्या शेजारचा छोटा स्क्रू केसभर फिरवला तशी आधी पेटीच्या भात्याची फुस्स ऐकू आली, मग तबल्याची चाट, म्हणजे काठावरचा खणखणीत आघात, मोकळी झाली, आणि आणखी केसभर फिरवल्यावर जवारी उघडली. एकाच तारेतून निघणारी ती वरच्या स्वरांची झालर, घोडीखालच्या दोऱ्याने जुळवलेली, इतकी वर्षं टेपवर शाबूत होती. कोन चुकला असता तर मी ती हरवून टाकली असती आणि पुढे लोक म्हणाले असते, जुन्या टेपचा आवाज काय 'ऊबदार' असतो! ॲनालॉगची ऊब म्हणून जे कौतुकाने ऐकवलं जातं, त्यातलं पुष्कळसं म्हणजे नुसते हरवलेले वरचे सूर असतात. माझ्या कानाला हे पटतं, आणि या रिळाने ते दाखवून दिलं.

या रिळात आणखी एक गंमत आहे. गवयाचा पहिला सा लागण्याआधी पाचेक सेकंद त्याची पुसट सावली ऐकू येते. रीळ वर्षानुवर्षं गुंडाळलेलं राहिलं की एका थराची चुंबकीय छाप शेजारच्या थरावर उमटते. म्हणून रीळ वाजवून झाल्यावर उलटं न गुंडाळता तसंच ठेवावं. मग ही सावली मूळ आवाजाच्या मागे पडते आणि त्यातच लपते.

१६ जुलै

७ इंची रीळ, १८०० फूट टेप, सेकंदाला पावणेचार इंच वेग: एका बाजूला ९६ मिनिटं. दहा इंची ७८ आरपीएमच्या तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास मावायचं. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचा आवाज तबकडीवर उतरला तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं आपले गवई तीन मिनिटांत राग उभा करत होते. पंचवटीत ज्यांच्या वडिलांचा रामनाम आधार आश्रम होता, ते द. वि. पलुस्कर १९५५ मध्ये गेले. त्यांचं बरंचसं गाणं लोकांच्या कानात आहे ते त्या तबकड्यांमुळे, तेवढ्याच मापाचं. माडीवरच्या या रिळांत विलंबित अर्धा तास चालतो, मध्ये कुणी पानाचा डबा उघडतं, तबलजी पुन्हा स्वरात मिळवून घेतो. आपल्या संगीताला टेपने काही दिलं असेल तर ते हे. रंग, गोडवा यांच्याआधी मी लांबीचं नाव घेईन.

२२ जुलै

सगळं रीळ चढं वाजतंय. डब्यावर 'काळी १'. प्रमाण पट्टीत काळी एकचा सा २७७ हर्ट्झच्या जवळ, टेपवर २८६. वाड्यात जाऊन आजोबांच्या पेटीचा तोच सूर मोजला: २७८. आजोबांनंतर पेटी कुणी उघडलेली नाही, असं आजी म्हणाल्या. फरक जवळजवळ तीन टक्के, म्हणजे पाव स्वर. गवयाचा आवाज पातळ आणि घाईचा वाटतो तो यामुळे.

कारण शोधताना टेपमधली विजेची घुर्र मोजली. ती बरोबर ५० हर्ट्झ निघाली, आणि त्यातच उत्तर होतं. जुन्या मशीनची मोटर थेट विजेच्या वारंवारितेवर धावायची. संध्याकाळी भार वाढला की ग्रिड ५० च्या खाली जायचं, तेव्हा मोटर मंदावायची आणि घुर्रही तेवढीच उतरायची. आता टेप योग्य वेगाने वाजवली की घुर्र परत ५० वर येते आणि गाणं मात्र चढतं. हिशेबाने त्या संध्याकाळी वीज ४८.६ हर्ट्झच्या आसपास असणार. रात्री उशिराच्या बैठकीचं दुसरं रीळ लावून ताळा घेतला. तीच पेटी २७९ वर. भार उतरला होता.

मूळ उतरवलेली फाइल आहे तशी ठेवली. शेजारी दुसरी प्रत २.८ टक्के हळू केली. आजींना फोनवर ऐकवली. त्या लगेच म्हणाल्या, "हां, आता यांचा हात वाटतोय."

२ ऑगस्ट

नातू स्टुडिओत आला होता. फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये का, हा त्याचा प्रश्न. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना, आयएएसए, किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगते आणि संग्रहांमध्ये ९६ रूढ आहे, पण नुसतं तेवढं सांगून भागत नाही. अशा घरगुती टेपवर सर्वांत मोठा आवाज आणि टेपची सळसळ यांत फार तर ५०-५५ डेसिबलचं अंतर असतं. एका बिटला ६ डेसिबल धरले तर नऊ बिटांत सगळं मावेल. मग २४ कशाला? तर पातळी लावताना वर भरपूर जागा सोडता यावी म्हणून. कुठे अचानक 'क्या बात है' झाली आणि पातळी शून्याला भिडली तर डिजिटलमध्ये लाट सरळ कापली जाते, ती परत मिळत नाही. मी शिखरं उणे १२ डेसिबलवर ठेवतो आणि निर्धास्त असतो. मोनोची एक तासाची फाइल १ जीबीच्या थोडी वर जाते. आजच्या डिस्कला ते काहीच नाही.

मग त्याची खरी शंका बाहेर आली: डिजिटलमध्ये आवाजाच्या पायऱ्या होतात, टेपवर लाट अखंड असते. हे चित्र कॉलेजच्या पुस्तकांतही छापलेलं असतं. त्यामुळे वाद घालत बसलो नाही, ऑसिलोस्कोप लावला. १० किलोहर्ट्झची साइन लाट ४४.१ किलोहर्ट्झवर डिजिटल केली. एका फेऱ्यात पुरते पाच नमुनेही नाहीत. कन्व्हर्टरमधून बाहेर काढली, तर पडद्यावर गुळगुळीत लाट. एकही पायरी नाही. नायक्विस्टने १९२८ मध्ये आणि शॅननने १९४९ मध्ये मांडलेलं तत्त्व हेच सांगतं: ठरावीक मर्यादेखालच्या वारंवारितांसाठी नमुन्यांमधून एकच लाट जाऊ शकते, आणि बाहेरचा फिल्टर नेमकी तीच काढतो. मधल्या जागेत काही हरवत नाही. बिट कमी असतील तर गोंगाट वाढतो, बस. तो गोंगाट ओबडधोबड होऊ नये म्हणून आधीच बारीकशी सळसळ मिसळतात, तिला डिदर म्हणतात.

टेपची लाट 'अखंड' खरी, पण अस्पर्श नाही. १९४० च्या सुमाराला जर्मनीत उच्च वारंवारितेचा बायस, म्हणजे मुद्रण करताना आवाजात मिसळायचा जादा सिग्नल, सापडला, तोपर्यंत टेपचा आवाज फाटकाच होता. आजही टेपवर आवाज जातो तो कानाला ऐकू न येणारा बायस मिसळून, वरचे स्वर मुद्दाम उचलून. वाजवताना ते पुन्हा बसवायचे. इतका सगळा खटाटोप करून टेप गाते, आणि छान गाते. म्हणून तिला नैसर्गिक आणि डिजिटलला कृत्रिम म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

१४ ऑगस्ट

सळसळ काढायची का? सॉफ्टवेअर एका बटणावर काढतं. करून पाहिलं. सळसळ गेली, आणि तिच्यासोबत जवारीही गेली, कारण दोघी वारंवारितेच्या एकाच टापूत राहतात. उरलेला तानपुरा पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता. मोठी टिकटिक, बुरशीमुळे आलेल्या एखाद-दोन फटी, ५० आणि १०० हर्ट्झची घुर्र एवढंच ऐकण्याच्या प्रतीत कमी करणार. सळसळीची कानाला पाच मिनिटांत सवय होते. गेलेली जवारी कुठून आणायची?

२४ ऑगस्ट

ताईंचं ध्वनिमुद्रण. आधी स्टुडिओत एक नमुना करून पाहिला होता: गायन, पेटी, तबला, प्रत्येकाला वेगळा माइक, सगळं टेपवर. नातू म्हणाला, "टेप आहे, पण माडी नाही." म्हणून आज सगळा बाडबिस्तरा माडीवर. लाकडी तक्तपोशी, सतरंजी, भिंतीला टेकून बसलेली दहा-बारा माणसं, आणि गायिकेपासून हातभर लांब एकच माइक. तबला थोडा मागे सरकवला, तानपुरा जवळ घेतला. एका माइकवर तोल साधायचा तर माणसंच हलवावी लागतात.

गणपती ७ सप्टेंबरला, त्यामुळे ढोलपथकांचा सराव जोरात आहे. ढोलाचा खालचा घुमारा भिंती जुमानत नाही. रात्री साडेदहानंतर गावात सामसूम झाली तेव्हा सुरुवात केली.

माइकचा एकच सिग्नल दोन वाटांना: एक थेट कन्व्हर्टरमध्ये, दुसरा बी-७७ वर, नव्या एलपीआर-३५ टेपवर, सेकंदाला साडेसात इंच वेगाने. टेपचा काटा शून्याच्या जरा वर नाचू दिला. काटा आळशी असतो, तबल्याची चाट तो पाहतच नाही. शेजारचा पीकचा लाल दिवा दर समेला लागत होता, आणि तेच हवं होतं. डिजिटलकडे शिखरं उणे १० च्या खाली.

मारवा गायल्या. कोमल रिषभावर त्या थांबल्या तेव्हा माडीवर कुणी हललं नाही.

२७ ऑगस्ट

दोन्ही मुद्रणं शेजारी मांडून पाहिली. टेपने काय केलं ते डोळ्यांना दिसतं. चाटीची टोकं थेट डिजिटलपेक्षा तीन-चार डेसिबल बुटकी, आणि कापलेली नाहीत, वाकलेली आहेत. मोठ्या स्वरांवर तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारितेच्या तिप्पट, हलकेच वर आलेला. संगीताच्या भाषेत तो त्या स्वराच्या वरच्या सप्तकातला पंचम, म्हणून कानाला खटकत नाही, उलट स्वर भरल्यासारखा वाटतो. खाली हेडमुळे येणारा छोटा उंचवटा, त्याने डग्गा अंगाने मोठा झाला. आणि तळाशी बारीक सळसळ.

गोडवा खरा आहे, आणि तो टेपने घातलेला आहे. माडीत तो नव्हता. तबल्याला तो शोभतो, यात मला शंका नाही.

१ सप्टेंबर

ऐकण्याची चाचणी. ताई, त्यांचे तबलजी, नातू. पडद्यामागे स्विच, पातळी ०.१ डेसिबलपर्यंत जुळवलेली. ही जुळवणी नसेल तर सगळी चाचणी व्यर्थ, कारण जरा मोठा वाजलेला आवाज नेहमी 'चांगला' वाटतो.

आधी थेट डिजिटल आणि टेप. तिघांनीही बिनचूक ओळखले. तबलजींना टेप आवडली: "हात मऊ पडतो." ताईंना थेट आवाज: "माझा श्वास कुठे संपतो ते यात कळतं." दोघांचंही बरोबर आहे.

मग खरा प्रश्न: टेप सरळ ऐकायची, आणि तीच टेप मध्ये १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या डिजिटलमधून फिरवून ऐकायची. इथे तिघंही अडकले. कधी बरोबर, कधी चूक, नाणं उडवल्यासारखं. २००७ मध्ये अमेरिकेत मेयर आणि मोरॅन यांनी याच प्रकारे उच्च दर्जाच्या मुद्रणांमध्ये सीडीच्या मापाचा फेरा घालून पाहिला होता, त्यांच्या श्रोत्यांनाही तो ओळखता आला नव्हता. २०२२ मध्ये तिकडच्याच एका नामवंत एलपी कंपनीच्या 'निव्वळ ॲनालॉग' समजल्या जाणाऱ्या तबकड्यांत डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं. वर्षानुवर्षं चोखंदळ ग्राहकांनी त्या ॲनालॉगचा नमुना म्हणून वाखाणल्या होत्या. त्या लोकांचे कान वाईट नव्हते. त्यांना आवडलं ते टेपनेच दिलेलं होतं, डिजिटलने ते न सांडता पोचवलं.

नातवाने शेवटी माडीचं थेट डिजिटल मुद्रण आणि जुलैमधला स्टुडिओचा टेप-नमुना लागोपाठ मागितले. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "आजोबांच्या जवळचं माडीवालं आहे." त्यावर टेपचा थेंबही नाही.

२१ सप्टेंबर

विसर्जन आटोपलं, कामाला पुन्हा हात घातला. ठरलं ते असं. ताईंच्या मारव्याची मुख्य प्रत थेट डिजिटल. टेपवरची आवृत्ती २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये उतरवून सोबत द्यायची, ज्याला तबलजींसारखा मऊ हात आवडतो त्याच्यासाठी. दोन्हींवर काय केलंय ते स्पष्ट लिहायचं.

जुन्या रिळांच्या प्रत्येक बाजूच्या दोन फाइली: मूळ, हात न लावलेली, आणि वेग दुरुस्त केलेली. फाइलच्या नावात डब्यावरचाच मजकूर, पट्टीसकट. तीन डिस्क: एक वाड्यात माडीवर, एक माझ्याकडे, एक ताईंच्या पुण्यातल्या भावाकडे. गोदाकाठच्या घरातला ठेवा एकाच गावात ठेवायचा नाही, यावर आजी ठाम होत्या.

रिळं वाजवून संपली तशीच गुंडाळलेली, नव्या डब्यांत, सिलिका जेलसह, उभी ठेवली. फेकायची अजिबात नाहीत. उद्या यापेक्षा चांगलं हेड मिळालं तर पुन्हा वाजवता येतील.

ट्रंकेच्या तळाशी कॅसेटी आहेत. बऱ्याचशांचे प्रेशर पॅड, टेप हेडवर दाबून धरणारे, गळालेत, काहींवर डॉल्बीची, म्हणजे सळसळ कमी करणाऱ्या पद्धतीची, खूण आहे पण ती खरी की नुसती छापील ते ऐकूनच ठरवावं लागेल. नवीन पॅड मागवलेत. ते काम दिवाळीनंतर.